विचारायचं कुणाला?

कोकणात 'घर विकणार का?' असं तोंडावर कुणी विचारत नाही. जमीन देणार का, कलमांची बाग काढणार का, हे लोक चहा पिता पिता विचारतात. एजंट तर एस्टीतून उतरल्या उतरल्या विचारतात. घराचं तसं नसतं. घर विकायला निघालं म्हणजे त्या घराण्याचं काहीतरी बुडालं, असा अर्थ गाव काढतं. आणि विचारणारा त्या बुडण्यावरच टपून बसलेला होता, हेही गावाला त्याच क्षणी कळतं.

म्हणून एक पत्र गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून पुढं सरकत नव्हतं. 'सप्रेम नमस्कार. आपलं गावचं घर बरीच वर्षं बंद आहे.' वाक्य साधं दिसतं. पण मुंबईत ज्याच्या हातात ते पडेल त्याला ऐकू येणार, 'तुम्ही घर टाकलंत.' पुढं 'कौलं गेली आहेत' असं लिहिलं की ठपका वाढतो, आणि ते न लिहावं तर घर घेण्याची एवढी निकड का, हे सांगता येत नाही. सगळी नोकरी शाळेत संस्कृत शिकवण्यात गेली. मुलांकडून पत्रलेखन करून घेतलं, त्यात 'घरमालकास पत्र' हाही विषय असायचा. तो मालक मात्र नेहमी एकच असे, आणि जिवंत असे.

घर राजापूर तालुक्यातलं, आमच्या यांच्या आजोळच्या गावातलं. हे एस्टीतून निवृत्त झाल्यावर आम्ही वरच्या वाडीत भाड्यानं येऊन राहिलो. खालच्या वाडीला जायच्या पाखाडीवर हे घर लागतं. जांभ्याच्या चिऱ्यांचं, ओटी, माजघर, मागं पडवी, पुढं खळं. भिंती चुन्यात नव्हे, मातीत रचलेल्या. अशी घरं खालून पडत नाहीत, वरून पडतात. माकडं कौलांवरून उड्या मारतात, एखादं कौल फुटतं, एखादं सरकतं, आणि पहिल्याच पावसाचं पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरतं. चिरा कितीही भिजला तरी टिकतो, दोन चिऱ्यांमधली माती मात्र विरघळून खाली येते. मग भिंत आतून पोकळ होते आणि तिच्यातून वाळवी वाशांपर्यंत चढते. या घराचं आढं आता मध्ये झुकलंय. मागच्या भिंतीत पिंपळ धरलाय, हाताच्या मनगटाएवढा. पिंपळ तोडायला गावात कुणी सहज तयार होत नाही, हा आणखी एक घोळ.

हे म्हणाले, "विचारायला काय जातंय? नाही म्हणाले तर नाही."

विचारायला काय जातं, हाच तर माझा प्रश्न होता. ईशावास्योपनिषदाचा पहिला मंत्र मी वर्षानुवर्षं शिकवला. सगळं जग ईश्वरानं व्यापलेलं आहे, त्यागून भोग घे, आणि दुसऱ्याच्या धनाची अभिलाषा धरू नकोस, अशा तीन गोष्टी तो एका दमात सांगतो. परीक्षेत मुलं तिन्ही लिहीत आणि मी पूर्ण गुण देई. आणि आता रोज सकाळी दूध आणायला जाताना मी त्या घराची कौलं मनातल्या मनात परतून घेते, ओटीला गज बसवते, पडवीत मोरी काढते. घर दुसऱ्याचं, आणि त्याच्या मोरीचा उतार कुठल्या बाजूला हवा हे मी ठरवलेलं. अभिलाषा आणखी कशाला म्हणायचं?

विनोबांनी या उपनिषदावर 'ईशावास्यवृत्ति' लिहिली. जन्मानं ते कोकणातलेच, रायगडातल्या गागोद्याचे. १९५१ साली पोचमपल्लीपासून त्यांनी परक्यांच्या दारात जाऊन जमीन मागायला सुरुवात केली, आणि मागताना त्यांना कधी संकोच वाटल्याचं दिसत नाही. जमीन मुळात कुणाचीच नाही, हे त्यांनी आधीच मनाशी पक्कं केलं होतं. त्यामुळं त्यांचं मागणं हे समोरच्याला त्याच्याच गैरसमजातून सोडवणं होतं. मला ही सोय नाही. मला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखत हवंय आणि त्यावर आमच्या दोघांची नावं हवीत. घर कुणाचंच नाही म्हणून मागायचं आणि मिळाल्याबरोबर ते आमचं म्हणायचं, एवढी चलाखी उपनिषदाच्या नावावर करवत नाही.

तर मालक शोधायला लागलो. यांच्या नावावर थोडी भातशेती आहे, त्यामुळं शेतकरी असल्याचा दाखला होता. नाहीतर कूळकायद्याच्या कलम ६३ वरच गाडी अडली असती, कारण घर गावठाणात नाही, सातबाऱ्यावरच्या जमिनीत आहे. सातबारा काढला. त्यावर एकच नाव, तीन भावांतल्या थोरल्याचं, आणि पुढं 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. धाकट्यांची नावं या तीन अक्षरांच्या पोटात. थोरला भाऊ वारून जमाना झाला. सरकारनं २०२५ मध्ये मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची मोहीम काढली, तिला नाव दिलं 'जिवंत सातबारा'. या नावावर मी आमच्या तलाठ्याशी भरपूर हसले, पण या घरापर्यंत मोहीम पोचली नव्हती, कारण अर्ज करायला गावात वारसच नव्हता. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला तर अजून आजोबाच राहतात. मात्र घरपट्टी थकलेली नाही. क्लार्कनं रजिस्टर चाळून सांगितलं, "नालासोपाऱ्याचा पुतण्या भरतो, गूगल पेनं." मेलेल्या आजोबांच्या नावानं, बंद घराची पट्टी, फोनवरून. मला तो माणूस तिथंच आवडला.

त्याच्यापासून धागा सुटत गेला. थोरल्याची मुलं परळला, मधल्याची नालासोपाऱ्याला. मधला गिरणीत होता. गावकीच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायचा, १९८२ च्या संपानंतर गावी परत आला आणि या घरात राहिलेला तो शेवटचा माणूस. धाकट्याची एकुलती मुलगी मेलबर्नला. आणि एक आत्या, भावंडांतली एवढी एकच हयात, डोंबिवलीला. पत्ते गावाच्या मुंबई मंडळाच्या चिटणिसांनी दिले, तेही "कशाला हवेत?" हे तीनदा विचारून.

इथं मला विज्ञानेश्वर आठवले. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात त्यांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली. इंग्रजी न्यायालयांनी रत्नागिरीच्या वाटण्यांत तीच प्रमाण धरली. तिचं म्हणणं, मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीचा धनी होतो. बंगालच्या जीमूतवाहनाचं म्हणणं वेगळं, बाप डोळे मिटेपर्यंत मुलाचं काहीच नाही. महाविद्यालयात असताना हा वाद मला वकिली कीस वाटला होता. नालासोपाऱ्याला फोन लावला तेव्हा तो माझ्या कानात उभा राहिला.

"काकू, घर विकायचं नाही. मूळ घर आहे आमचं."

"दुरुस्त करणार आहात का?"

"बघू. सगळे भाऊ एकदा बसले की."

हे झालं रविवारी. मंगळवारी त्याचाच फोन, "काकू, तुमच्या बाजूला गुंठ्याला काय भाव चाललाय?"

याला दुटप्पी म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. रविवारपर्यंत ते घर म्हणजे त्याच्यासाठी वडिलांच्या तोंडच्या गोष्टी होत्या आणि दरवर्षीची घरपट्टी होती. माझ्या फोननंतर त्याला तिसरा हिस्सा दिसायला लागला. त्या हिश्शात दोन भाऊ, म्हणजे सहावा, आणि आत्याला धरलं तर आणखी कमी. तो जन्मतः मालक होता की वडील गेल्यावर झाला, हे विज्ञानेश्वर आणि जीमूतवाहन बघून घेतील. मला समोर दिसलं ते एवढंच, की तो मालक झाला मंगळवारी, आणि त्याला मालक मी केलं. ज्या गोष्टीवर कुणाची नजर नव्हती तिच्यावर माझ्या एका प्रश्नानं पाच-सहा जणांची नजर बसली. परळच्या आणि नालासोपाऱ्याच्या भावंडांत वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. आता आहे, आणि ते फार गोड आहे असं मी म्हणणार नाही. विचारायला बरंच काही जातं.

गावातल्या शहाण्यांचा सल्ला याहून सोपा होता. "विचारता कशाला? कुंपण घाला, दोन काजू लावा, बारा वर्षं कुणी आलं नाही की झालं तुमचं." १९६३ च्या मुदत कायद्यात बारा वर्षांची ही वाट आहे खरी. याज्ञवल्क्यानं तर वीस वर्षं सांगून ठेवलीत. मालकाच्या डोळ्यांदेखत, तो काही बोलत नसताना, परक्यानं जमीन वीस वर्षं उपभोगली की तिची हानी होते. पण विज्ञानेश्वर त्यावर जे म्हणतात ते मला फार मोलाचं वाटतं. ते म्हणतात, गेलं ते मधल्या वर्षांचं उत्पन्न, जमीन गेली नाही. गप्प बसल्याबद्दल मालकानं फळं गमावावीत, पण त्याचं मालकपण दुसऱ्याच्या निव्वळ चिवटपणानं कसं नाहीसं होईल? आजच्या कायद्याहून हा माणूस गैरहजर मालकाच्या बाजूनं अधिक उभा राहतो. महामहोपाध्याय काणे हे आमच्या चिपळूणकडचेच. त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास शाळेच्या कपाटात काचेआड होता आणि किल्ली माझ्याकडे असल्यामुळं मीच तो वाचत असे. असली मतं त्यात मला भेटत गेली, आणि बहुतेकदा ती शिक्षकखोलीतल्या चर्चेपेक्षा ताजी असायची.

अर्थात धर्मशास्त्र एका सुरात बोलत नाही. मनू सांगतो, शेत त्याचं ज्यानं त्यातली खोडं उपटून ते साफ केलं. हा न्याय लावला तर घर पुतण्यांचंही नाही आणि आमचं तर नाहीच. ते मागच्या घरातल्या आजींचं. त्यांच्या सासऱ्यांची या घराण्याकडं कुळानं शेती होती. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानं खाचर त्यांचं झालं, घर मात्र ज्यांचं त्यांचं राहिलं. घराची किल्ली आजींकडं असते. खळं त्या झाडतात, तुळशीत पाणी घालतात, दिवाळीत ओटीवर पणती ठेवतात, आणि परसातल्या दोन माडांचे नारळ काढून घेतात. यातलं काहीही कुठल्या कागदावर नाही. कायद्याच्या लेखी त्यांचा ताबा हा मालकाच्या परवानगीचा ताबा. तो शंभर वर्षं चालला तरी मालकी होत नाही.

आजींना मी घराचं सांगितलं तेव्हा त्या वाल सोलत होत्या. थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग नारळ कोनाचं?"

मला उत्तर सुचलं नाही. खरेदीखताच्या मसुद्यात नारळ झाडांसकट 'तदंगभूत वस्तूं'मध्ये येतात. म्हणजे नारळ आमचे. मी तसं म्हटलं नाही. आजींनीच पुढचा वाल फोडला आणि म्हणाल्या, "माज्या सासवेनं लावलान् त्यो डावीकडचा." डावीकडच्या माडावर तेव्हापासून माझा जीव बसत नाही.

याच सुमाराला मी मिताक्षरेतला एक भाग पुन्हा काढून वाचला. जमीन एकाकडून दुसऱ्याकडं कशी जाते याला तिथं सहा गोष्टी सांगितल्यात. गावाची संमती, भाऊबंदांची, शेजाऱ्यांची, वारसांची, शिवाय सोनं आणि पाणी. शेवटच्या दोन गोष्टींचं कारण मजेदार आहे. स्थावर विकणं त्या काळी निषिद्ध मानलेलं, दान तेवढं थोर. म्हणून विकायचंच झालं तर ते दानाच्या थाटात करायचं, हातावर पाणी सोडून, वर सोनं ठेवून. किंमत घेतलेली आहे हे सगळ्यांना ठाऊक, तरी विकणाऱ्याचा हात देणाऱ्याचा दिसला पाहिजे. हे ढोंग म्हणावं तर म्हणा. मला त्यात विकणाऱ्याच्या लाजेची काळजी घेतलेली दिसते. माझ्या पत्राचा पहिला परिच्छेद याच लाजेशी झटत होता.

पण खरी गंमत पहिल्या चारांत आहे. विज्ञानेश्वर प्रत्येक संमतीचं प्रयोजन सांगतात. गावाला विचारायचं ते व्यवहार उजेडात व्हावा म्हणून. शेजाऱ्याला विचारायचं ते बांधाचा तंटा राहू नये म्हणून. वेगळ्या झालेल्या भाऊबंदांना विचारायचं ते नंतर 'हे वेगळे झाले होते की एकत्र होते' हा संशय उरू नये म्हणून. यांच्या होकारावाचून विक्री अवैध होते असं ते म्हणत नाहीत. म्हणजे या लोकांना नकाराचा अधिकार नाही, पण विचारलं जाण्याचा आहे. हे वाचलं आणि मालकीकडं पाहायची माझी नजरच फिरली. मालक म्हणजे जो वापरतो तो, हे आजींपाशी टिकतं आणि पुतण्यांपाशी कोसळतं. मालक म्हणजे ज्याचं कागदावर नाव तो, हे थोरल्या मृत काकांपाशी येऊन थांबतं. ज्याला विचारल्यावाचून पुढं जाता येत नाही तो मालक, ही व्याख्या सगळ्यांना पुरते. ती कमीजास्त होते हेही बरंच. पुतण्याला विचारायचं ते सहीसाठी, आजींना विचारायचं ते नारळांसाठी, पण दोघांपैकी एकालाही वगळलं तर ती चोरीच, मग मुद्रांक शुल्क कितीही भरा.

आजची कचेरी यातलं फारसं विचारत नाही. आधार, अंगठा, फोटो, दोन साक्षीदार. वकिलांनी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला सांगितली, 'कुणाचा हक्क-हितसंबंध असल्यास पंधरा दिवसांच्या आत कळवावे', आणि गावाच्या संमतीचं आता एवढंच शिल्लक आहे. भाऊबंदांचं मात्र कायद्यातही टिकून आहे. एका वारसाला हिस्सा विकायचा तर उरलेल्या वारसांना तो घेण्याचा पहिला हक्क १९५६ च्या वारसा कायद्यानं ठेवलाय. आणि त्याहून जुन्या, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात तर असं आहे, की एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्यानं विकत घेतला तरी त्याला त्यांच्यासोबत त्या घरात ताबा मागता येत नाही. म्हणजे एका पुतण्याची सही घेऊन माजघरात पथारी टाकायची सोय नाही. बरं झालं.

आत्यांकडं आम्ही दोघं गेलो. डोंबिवली पूर्व, चौथा मजला, लिफ्ट बंद. वय ऐंशीच्या पुढं, पण मान ताठ. त्यांच्या मुलानं आधीच सांगितलं, "आईनं हक्कसोड करून दिलंय मामांना. तिला विचारायची गरज नाही." ते खरं होतं की नाही हे आम्ही पाहिलं होतं. नोंदणी झालेलं काहीच सापडलं नव्हतं. एका साध्या कागदावर कधीतरी सही घेतलेली, आणि स्थावरातला हक्क सोडायचा तर नोंदणी लागते. म्हणजे आत्यांचा हिस्सा शाबूत.

मुलगा चहा आणायला आत गेला तेव्हा आत्या म्हणाल्या, "सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखवलं होतं. कशावर करत्येय ते नाही दाखवलं. भाऊबीजेचा दिवस होता, म्हणून केली."

मी त्यांना सगळं सांगितलं. आढं, पिंपळ, आजी, नारळ. माहेरच्या घराची दशा ऐकून म्हाताऱ्या माणसाचे डोळे भरून येतील, अशी माझी समजूत होती. आत्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "किती देणार?"

हे जरा गडबडले. आकडा सांगितला.

"भावांच्या वाट्याला येईल तेवढंच मला. पै कमी चालायची नाही. आणि पैसे माझ्या खात्यात. याच्या नाही." मान स्वयंपाकघराकडं झाली. मग म्हणाल्या, "आणि पिंपळ ब्राह्मणाकडून मुंज लावून तोडा, उगाच अंगावर घेऊ नका."

२००५ च्या दुरुस्तीनं मुलीला जन्मतः मुलाइतकंच सहदायाद केलं, म्हणजे मिताक्षरेचा जन्महक्क मिताक्षरेनं ज्यांना दिला नव्हता त्यांना कायद्यानं दिला. हे मला पाठ होतं. आत्यांना कलम ठाऊक नव्हतं. कुणी विचारायला आल्याबरोबर आपलं किती आहे हे मात्र त्यांना चोख ठाऊक होतं.

माझ्या व्याख्येला एक मोठी अडचण आहे, आणि ती पावसाळ्यात दिसते. विचारायची माणसं वाढत जातात आणि घर पडत जातं. मेलबर्नच्या मुलीला मुखत्यारपत्र करायचं तर वकिलातीत साक्षांकन, मग ते इकडं येणार, आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक. ती भली आहे, नाही म्हणत नाही, पण तिच्या मुलांच्या शाळा आहेत. परळच्या मंडळींचं अजून 'बसू या' चाललंय. कुणीही अन्याय करत नाहीये, प्रत्येकाचा आपापल्या जागी हक्क आहे, आणि त्या सगळ्या रास्त हक्कांखाली आढं बोटबोट झुकतंय. अशा वेळी मी पुन्हा ईशावास्याकडं जाते आणि थोडी कठोर होते. त्यागून भोग घे म्हटलंय. ज्यांनी घर सोडलंही नाही आणि वापरलंही नाही, त्यांनी दोन्ही अर्ध्यांपैकी कुठलं पाळलं? विकायचं नाही, शिवायचं नाही, नुसतं असू द्यायचं. अभिलाषा फक्त दुसऱ्याच्या घराची होते असं थोडंच आहे, न वापरलेल्या स्वतःच्या घराचीही होते. हे मी पत्रात लिहिलं नाही. लिहिण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही, कारण घर मिळालं तर आमचा मुलगा पुण्याहून गणपतीला दोन दिवस येणार आणि पुढं एखाद्या निवृत्त बाईला त्याचा पत्ता मंडळाच्या चिटणिसांकडून काढावा लागणार.

देवाला विचारायचं राहिलं होतं. देवघरातले टाक मधल्या काकांच्या मागं मुंबईला गेले, ते आता नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये आहेत. पण घराच्या मागं आंब्याखाली राखणदाराची जागा आहे, तिथं वर्षाला नारळ लागतो. तो राखणदार सातबाऱ्यावर नाही आणि मुंबईलाही गेलेला नाही. गुरव म्हणाला, "बाई, देवळात कळे लावू. उजवा पडला तर घ्या." दगडाला चिकटवलेली कळी उजवीकडं पडते की डावीकडं यावर माझी श्रद्धा नाही. हे मी गुरवाला सांगितलं. तो हसून म्हणाला, "तुमची नको, गावाची हाय ना."

आणि त्यात तथ्य होतं. कळे लावताना मानकरी बसतात, गुरव मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो. अमक्या घराण्याची वास्तू अमका माणूस घ्यायला बघतोय, कुणाचं काही राहिलं असेल तर सांभाळून घे महाराजा. देव ऐको न ऐको, खालची वाडी ऐकते. गावाला विचारायचं ते व्यवहार उजेडात व्हावा म्हणून, हे विज्ञानेश्वरांचं कारण याहून चांगलं कुठं पाळलं जाईल? जाहीर नोटीस गावात कुणी वाचली नव्हती. गाऱ्हाणं सगळ्यांनी ऐकलं, आणि दुसऱ्याच दिवशी खालच्या वाडीतल्या एकानं येऊन सांगितलं, की घराच्या खळ्यातून त्यांच्या विहिरीची वाट आहे, ती ठेवा. नकाशात ही वाट नव्हती.

जैमिनीच्या मीमांसेत विश्वजित् यज्ञाची चर्चा आहे. त्या यज्ञात सर्वस्व द्यायचं असतं. मग राजानं पृथ्वी द्यायची का? उत्तर येतं, नाही. भूमी सगळ्यांची सारखीच आहे, राजाकडं तिचं रक्षण आहे आणि त्याबद्दलचा वाटा आहे, देण्याइतकी ती त्याची नाही. राजाला जे देता येत नाही ते परळ आणि नालासोपाऱ्याची भावंडं मला कुठून देणार? चिरे देतील, कौलं देतील, वाळवी लागलेले वासे देतील. विहिरीची वाट, डावीकडचा माड आणि राखणदार ही त्यांनी न दिलेली, पण घराबरोबर येणारी माणसं आणि देणी आहेत. आम्ही किंमत मोजतोय ती एवढ्यासाठी, की यापुढं या घराला हात लावायचा तर लोकांनी आम्हालाही विचारावं. या हिशेबानं पाहिलं तर गुंठ्याचा भाव फार वाटतो.

पत्र अखेर गेलं. सगळ्यांना सारखंच, हातानं लिहून, रजिस्टरनं. घर बंद आहे असं त्यात नाही. 'आपल्या घराशेजारी राहतो आणि ते पडू नये अशी इच्छा आहे, आपण ठेवणार असाल तर कौलं परतून घ्यायला मदत करू, देणार असाल तर आम्हाला घ्यायला आवडेल', असं आहे. किंमत दुसऱ्या पानावर, सगळ्यांना एकच आकडा, आत्यांनाही.

परळच्या थोरल्या पुतण्याचा फोन आला तो किमतीवरून नव्हता. त्यानं विचारलं, "काकू, तुम्ही घेतलंत तर गणपतीला आम्ही कुठं उतरायचं?" गेली कित्येक वर्षं ते गणपतीला आले नव्हते. तरी प्रश्न खोटा नव्हता. मी वकिलांना म्हटलं, खतात घाला, गणपतीत आठ दिवस ओटी आणि माजघर मूळ घराण्याला. वकील म्हणाले, पूर्ण मालकी दिल्यावर ती कशी उपभोगायची याची अट कायद्यात टिकत नाही, १८८२ च्याच कायद्याचं कलम ११. हे म्हणाले, टिकत नसली तरी घाला. वकिलांनी कपाळाला हात लावला आणि घातली.

या गणपतीला परळची मंडळी येतो म्हणालीत. त्याआधी ओटीवरची तरी कौलं बदलायला हवीत, वासे दोन घालायला हवेत. घर अजून त्यांचं, म्हणून तेही कळवून विचारलं. नालासोपाऱ्याहून लगेच उत्तर आलं, "बदला काकू. पण ते पैसे किमतीतून वळते करू नका."